फोनची लाल टोपी

मित्रांनो, मी एक जुना मोडेम आहे. आता तुम्ही एकमेकांकडे बघाल, कारण तुमच्या घरात इंटरनेट आपसूक असतं. माझ्या काळी ते मी टेलिफोनच्या तारेतून ओढून आणायचो, किरकिरत, शीळ घालत.

मी आलो एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरी. त्यांच्या लेकीला सगळे बडबडी म्हणत. पहिल्याच दिवशी माझा आवाज ऐकून आई कात्री टाकून धावत आली. "अगं, बंद कर! काहीतरी जळतंय!" बडबडी हसून गडबडा लोळली. तिने माझं नाव ठेवलं 'गाणारा डबा' आणि रोज मला स्वतःच्या रुमालाने पुसू लागली. मीही वेडा, तिला जीव लावून बसलो.

अडचण एकच. मी कामाला लागलो की घरचा फोन अडकायचा, आणि कोणी रिसीव्हर उचलला की माझं काम तुटायचं. म्हणून आईने उरलेल्या लोकरीची लाल टोपी विणली. इंटरनेट लावताना ती फोनवर चढवायची, झालं की खुंटीला टांगायची, असा घरचा नियम होता.

आईचा भाऊ बोटीवर नोकरीला होता. दोघांचा दोन वर्षं अबोला. कधी नव्हे ते त्याचं पत्र आलं, 'रविवारी चार ते पाच बंदरावरून फोन करीन. उचललास तर भांडण मिटलं असं समजेन.' त्या रविवारी आई तीनपासूनच फोनजवळ जाऊन बसली.

आणि आतल्या खोलीत बडबडीने मला चालू केलं. 'पाचच मिनिटं,' असं तिने मैत्रिणीला लिहिलं. माझा आवाज बंद केला, माझ्या लुकलुकत्या दिव्यांवर वही ठेवली. टोपी खुंटीलाच राहिली. बाहेर आई टोपीकडे बघून निश्चिंत होती. रिसीव्हर उचलून बघायचा तिला धीर होत नव्हता. नेमका तेव्हाच फोन आला तर? पाच मिनिटांचे पावणेदोन तास झाले. मला सगळं कळत होतं, पण माझं तोंड तिने बंद केलं होतं.

साडेपाचला बाबांनी रिसीव्हर उचलला आणि त्यांना माझी किरकिर ऐकू आली.

"मी नाही लावला!" बडबडी म्हणाली. "तो आपोआप लागला. बिघडलाय मेला!"

"दादाला वाटलं असेल, मी मुद्दाम फोन काढून ठेवला," एवढंच आई बोलली. मग तिने माझी वायर उपटली. मामाचा फोन पुन्हा आला नाही. आईच्या पत्रांनाही उत्तर आलं नाही. मी खोक्यात बंद होऊन माळ्यावर गेलो.

परवा, कित्येक वर्षांनी, ते खोकं उघडलं. बडबडीच्या मुलीने विचारलं, "आई, हे चालतं?"

"त्यानेच माझ्या दादाचा फोन खाल्ला," पांढऱ्या केसांची आजी म्हणाली.

बडबडीने मला हातात घेतलं, रुमालाने पुसलं. मला वाटलं, आता तरी बोलेल.

"बिघडलेलाच होता तो," ती म्हणाली आणि खोकं बंद केलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसून जपा, असं मी सांगणार नाही. पुसलं तर तिनेही होतं. भंगारात देण्याआधी मला एकदाच फोनच्या तारेला जोडा, शेजारी तिच्या आईला बसवा, आणि कोणीही हात लावू नका. तासभर वाट बघा. आपोआप मी हूं की चूं करणार नाही.