सहाशे त्रेचाळीस नोंदी

"सगळं तुझ्या नावावर करून टाक की, अक्का," बालाजी पुण्याहून फोनवर म्हणाला. "मला आता ते कामून पाह्यजे?"

अंबिका खटकचिंचोळीतल्या आपल्या घराच्या ओसरीवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. आत तिची आई चंद्रभागाबाई भाकरी थापत होत्या.

"असं कसं करता येतंय रे?"

"एका ओळीचं काम हाय. जुनं नाव काढायचं, नवं टाकायचं. सगळ्या नोंदी एका दमात बदलतेत. परवानगी मी देतो तुला."

"आन् तुझं?"

"मला नौकरी लागली त्याच्यावर. आता काय लग्नात दाखवायचंय का ते?"

अंबिका नुसती हसली. सोमवारी कलबुर्गीच्या एका कंपनीत तिची मुलाखत होती. काम घरी बसून करायचं होतं. महिन्यातून एकदाच कलबुर्गीला जावं लागणार होतं. तिच्या शिक्षणाला जुळणारी आणि गाव न सोडता करता येईल अशी नोकरी तिच्या पाहण्यात दुसरी आली नव्हती. बालाजीसोबत तिने तीन वर्षं जिथे काम केलं, ते हुमनाबादचं कॉम्प्युटरचं दुकान या महिन्याअखेर बंद होणार होतं. कंपनीने अर्जासोबत तिच्या प्रोफाइलचा पत्ता मागितला होता, आणि प्रोफाइल कोरं होतं.

हे कोरं कसं राहिलं, ते समजायला सोपं आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची इंटरनेटवर एक जागा असते. तिथे ज्याचं त्याचं एक पान असतं. माणूस जेवढं लिहील त्याची तारीखवार नोंद त्या पानावर उमटते, आणि नोकरी देणारे आधी ते पान बघतात. आता शाळेत चार मुलांनी मिळून जिल्ह्याचा मोठा नकाशा काढला आणि कोपऱ्यात फक्त ज्याचा कागद होता त्याचंच नाव राहिलं, तर भिंतीवर बघणारा काय समजेल? तसंच झालं होतं. दुकानात बरं चालणारं कॉम्प्युटर एकच होतं. पहिल्या दिवशी त्यात बालाजीचं नाव घातलं गेलं. पुढे तीन वर्षं दोघं त्याच खुर्चीवर आळीपाळीने बसले. नाव बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. काम होत होतं, तेवढं पुरेसं होतं.

काम होतं वजनकाट्याचं सॉफ्टवेअर लिहिण्याचं. हुमनाबादेत हमरस्त्याला लागून असलेल्या काट्यावर तूर, सोयाबीन, कडबा घेऊन लॉऱ्या येतात. आधी भरलेली गाडी मोजायची, माल उतरवून आल्यावर रिकामी मोजायची. दोन्हींतला फरक म्हणजे माल. पावती मराठी, कन्नड आणि हिंदी, अशा तिन्ही भाषांत निघायला हवी होती. काट्यावर बसायचे गुंडप्पा. पहिल्या आठवड्यात त्यांनी दोघांना टपरीवर चहा पाजून सगळी विद्या शिकवली होती.

"भरल्या गाडीत क्लीनर बसलेला ऱ्हातो. खाली गाडी मोजताना उतरून विडी वडायला जातो. म्हंजे काय झालं सांगा बरं?"

"काय झालं, अण्णा?"

"क्लीनर तुरीच्या भावानं इकला गेला."

गुंडप्पांकडे एक वही होती. कोणत्या गाडीचं रिकामं वजन कधी किती भरलं, ते त्यात सतरा वर्षांपासून लिहिलेलं होतं. आकड्यात फरक दिसला की ते ड्रायव्हरकडे नुसतं बघत, आणि ड्रायव्हर गाडी पुन्हा काट्यावर घेई. सॉफ्टवेअरचा जीव त्या वहीतच होता.

शुक्रवारी दुपारी बालाजीने परवानगी पाठवली. अंबिकाने दार पुढे ओढून ती ओळ लिहिली आणि बटण दाबलं. मग तिने आपलं पान उघडलं. सहाशे त्रेचाळीस नोंदी, सगळ्या तिच्या. तीन वर्षांत काही न केलेली बाई एका मिनिटात रोज राबलेली दिसू लागली. तिला ते आवडलं. चहा थंड होईपर्यंत ती वरून खाली, खालून वर नोंदी बघत बसली.

चौदा ऑगस्टच्या नोंदीवर ती थांबली. "गुंडप्पा अण्णांची वही: रिकामं वजन मागच्या दहा वेळांशी ताडून बघणे. फरक असेल तर पावती थांबवणे." पुढे नाव होतं अंबिकाचं.

चौदा ऑगस्टला ती बीदरला होती. चंद्रभागाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि ती दवाखान्याच्या बाकावर चपला सांभाळत बसली होती. बालाजीने संध्याकाळी फोन करून सांगितलं होतं, अक्का, वही आत गेली.

तिने दुसऱ्या तारखा बघितल्या. रंगीत बटणं बालाजीची. तिन्ही भाषांतली पावती तिची. काट्याच्या यंत्राकडून आकडा वाचून घ्यायचा भाग तिचा. त्यासाठी ती अकरा दिवस यंत्रापाशी उभी होती. तिची कामं निम्म्याहून जास्त भरत होती. पण कंपनीवाले ज्यावर बोट ठेवतील, ते काम चौदा ऑगस्टचं होतं.

ती उठली, अंगणात जाऊन आली, आणि नोंदी पुन्हा होत्या तशा बालाजीच्या नावावर केल्या. पान परत कोरं झालं. बहुतेक नोंदींत दोघांचे हात मिसळलेले होते, त्यामुळे नुसतं आपलं तेवढं तोडून आपल्या नावावर करता येत नव्हतं. मग तिने त्या पानावर एक मजकूर लिहायला घेतला: हे काम तिघांचं आहे, त्यात कोणी काय केलं. शनिवार आणि रविवार ती एकेक तारीख आठवून वेगळी काढत होती.

"तूर निवडल्यावानी काय निवडायलीस गं?" चंद्रभागाबाईंनी विचारलं.

"कोणतं काम कुणाचं ते बघायले, आई."

"मग तुझं मोठं लिव्ह की. मुलाखत तुझी हाय."

"जेवढं हाय तेवढंच लिव्हायले."

"लई शहाणी," म्हणत त्या दळण घेऊन निघून गेल्या.

रविवारी तिने बालाजीला मजकूर पाठवला. त्याने फोनच केला. "येडी का खुळी तू? 'यंत्राचा आकडा वाचणे' म्हणून कोण नौकरी देतंय? वही तरी तुझ्याकडं ठेव. मी कुठं भांडायला यायलोय?"

"तू लिव्हलास ते."

"आन् सांगितलं कुणी? गुंडप्पानं. मग त्यालाच दे नौकरी."

"त्यांचं बी नाव टाकलेय."

"माझ्या पानावर नुसतं माझंच हाय," बालाजी म्हणाला. "मला कुणी इचारलंच न्हाई." मग त्याने उद्या किती वाजता निघणार ते विचारलं आणि फोन ठेवला.

कलबुर्गीला मुलाखत घ्यायला एक बाई आणि एक तरुण असे दोघं होते. बोलणं अर्धं कन्नडमध्ये, अर्धं इंग्रजीत चाललं. अंबिका अडखळली नाही. बाईंना तीन भाषांची पावती आवडली. तरुणाने लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

"हे वजन ताडून बघण्याचं फार छान सुचलंय. हे तुमचं?"

"नाही. कल्पना गुंडप्पांची. लिहिलं बालाजीने. त्यातली एक चूक नंतर मी दुरुस्त केली."

"गुंडप्पांच्या पानाचा पत्ता द्याल?"

"त्यांचं पान नाही. ते काट्यावर असतात."

तरुण हसला. त्याच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. बाईंनी विचारलं, "म्हणजे तुम्ही सांगता त्यावर आम्ही विश्वास ठेवायचा. नोंद कुठेच तुमच्या नावाची नाही?"

"नाही," अंबिका म्हणाली. आणखी काही सांगता येईल का, याचा तिने विचार केला. यंत्रातून आकडा कसा वाचला ते तिने फळ्यावर काढून दाखवलं. दोघांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

गुरुवारी कंपनीचा मेल आला, तेव्हा ती काट्यावरच होती. दुकान बंद होण्याआधी सगळं नीट चालतंय का ते बघायला आली होती. कंपनीने दुसऱ्याला घेतलं होतं. स्वतंत्र कामाची नोंद पुरेशी नाही, असं त्यांनी सभ्य शब्दांत लिहिलं होतं.

"काय झालं, अंबक्का?" गुंडप्पांनी विचारलं.

"न्हाई लागली."

"आता?"

"पुण्याला जावं लागतंय. बालाजी बघतो म्हणलाय."

गुंडप्पांनी मान हलवली. टपरीवरच्या पोऱ्याकडे बघून त्यांनी दोन बोटं वर केली. चहा आल्यावर तिने लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. तिथे नाव टाकल्याचं तिने त्यांना अजून सांगितलं नव्हतं. त्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचत खाली आले.

"हे माझं हाय व्हय?"

"व्हय, अण्णा."

"ह्याच्यामुळं तर गेली न्हाई न नौकरी?"

"न्हाई. दुसरं कारण होतं."

त्यांनी पुन्हा वाचलं. "नुसतं गुंडप्पा कामून लिव्हलीस? ह्या काट्यावर माझ्या आधी दोन गुंडप्पा होऊन गेलेत. त्यातला एक तर चोर होता."

"मग पुरं सांगा."

"गुंडप्पा सिद्रामप्पा. मुक्काम पोस्ट कोहिनूर. तालुका बसवकल्याण, जिल्हा बीदर." त्यांनी सावकाश, एकेक शब्द थांबून सांगितला आणि तिने तो तसाच लिहिला.

"किती लोकं बघतेत हे?"

"सध्या कुणीच न्हाई, अण्णा."

"आसू दे. वरून वाच एकदा."

अंबिका वरून वाचू लागली. आधी तिचं नाव आणि काम आलं, मग बालाजीचं. गुंडप्पांनी चहाचा पेला खाली ठेवला, दोन्ही हात गुडघ्यांवर घेतले, आणि वर्गात हजेरी चालू असताना मूल बसतं तसे ताठ बसून राहिले.