गोठलेल्या मातीने सोडलेला श्वास

मी एक जुनी, गोठलेली माती आहे, मित्रांनो. माती म्हणायचं एवढंच. खरं तर मी मेलेलं शेवाळ. सैबेरियाच्या उत्तरेला ओब नदीच्या खाडीकाठी हजारो वर्षं शेवाळ उगवलं, मेलं, आणि थंडीने त्याला कुजू दिलं नाही. थरावर थर साचले, तीच मी.

इथल्या येवाय नावाच्या मासेमाराच्या बापाने मला कुऱ्हाडीने फोडून भुयार खणलं. तेव्हापासून त्या घरची मासळी मी सांभाळली. हिवाळ्यात ठेवलेला मासा भर उन्हाळ्यात दगडासारखा कडक निघायचा. पाहुणे त्याचे कच्चे काप खाऊन बोटं चाटत, आणि येवायची बायको ताबने म्हणे, "आमच्या भुयाराची सर कुणाला नाही." मला फार बरं वाटायचं.

उन्हाळ्यात भुयाराचा एक नियम असतो. माणूस शिडीने खाली उतरला, की वरच्याने लगेच झाकण ओढून घ्यायचं. गारवा निसटता कामा नये. झाकण उघडं टाकणाऱ्याला अख्खं गाव बोल लावतं.

मग उन्हाळे लांबले. मी ओली, भुसभुशीत झाले आणि आजवर न कुजलेलं शेवाळ कुजायला लागलं. कुजताना माझ्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. त्याला ना वास, ना रंग. उघड्या रानात वारा त्याला घेऊन जातो. बंद भुयारात मात्र तो तळाशीच साचून राहतो, कारण तो हवेहून जड असतो, आणि तिथे श्वासाला हवा उरत नाही.

मासळी मऊ पडू लागली.

"तू झाकण नीट लावत नाहीस," येवाय ताबनेला म्हणाला.

"मी? आणि उघडं टाकून गप्पा हाणत बसतो तो कोण?"

भांडून झाल्यावर दोघांनी मिळून झाकणावर रेनडिअरचं आणखी एक कातडं ठोकलं, फटींत शेवाळ कोंबलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण मातीला कुठलं आलंय तोंड!

एके दिवशी त्यांच्या मुलीला मागणी घालायला पाहुणे आले होते. येवाय चांगला मोठा मासा आणायला भुयारात उतरला.

"लवकर ये, नाहीतर व्याही सगळा चहा संपवतील," ताबने म्हणाली.

"आधी झाकण ओढ," तो खालून म्हणाला.

तिने ओढलं आणि त्यावरच बसली. जरा वेळाने तिने टाच आपटली. "सापडला का?" मग ती झाकणावर वाकली. "रुसलास होय रे? बरं बाबा, मीच ढिलं लावते झाकण. आता तरी ये."

तिने झाकण उघडलं, तेव्हा तो तळाशी मासळीवर पालथा पडला होता. ती शिडीवर पाय टाकणार, तोच नवऱ्या मुलाच्या बापाने, पापाकोने, तिला कमरेला धरून मागे खेचलं. त्याच्या गावात असंच एकाला काढायला दुसरा उतरला होता आणि दोघेही गेले होते. भुयारात हवा खेळल्यावर येवायला दोराने वर काढलं. त्याच्यात जीव नव्हता.

ताबने येईल त्याला एकच सांगते, "झाकण मी लावलं." बाई गं, त्याला मारलं ते मी. तुला हे कोण सांगणार?

आता गावातली सगळी झाकणं उघडी असतात. बरोबरच आहे, आणखी कुणाचा जीव जायला नको. पण ऊन थेट माझ्या पोटात शिरतं. मी आणखी वितळते, आणखी कुजते. तो वायू वर जातो, ऊब धरून ठेवतो आणि पुढचा उन्हाळा अजून लांबतो.

मित्रांनो, मला गार ठेवणं माझ्या हातात नाही. तुमच्याकडे कोळसा जळतो, गाड्या धावतात, त्याची झळ इथवर पोचते. तेवढं आवरा. माझ्यात अजून पुष्कळ शेवाळ कुजायचं बाकी आहे.