दाराबाहेरची लेक

दर शनिवारी सकाळी सुतारीण चर्चमधले बाक पुसायला जाई. तिला कुणाचा हुकूम नव्हता. ते बत्तीस बाक तिच्या नवऱ्याने आपल्या हाताने केले होते, छताचे वासेही त्यानेच चढवले होते, त्यामुळे ते घर तिला स्वतःच्या घराहून आपले वाटे.

त्या शनिवारी ती फडके घेऊन निघणार, तोच लेक दारात येऊन उभी राहिली. हातात एक पिशवी आणि डाव्या डोळ्याखाली जांभळा डाग. सगळे तिला चिमणी म्हणत. लग्नाआधी ती इतकी बडबडायची, की बाप म्हणायचा, बाई गं, जरा करवतीलाही बोलू दे. आज मात्र ती एवढेच म्हणाली, "आई, मी परत जाणार नाही." बापाने रंधा बाजूला ठेवला, हात धुतले आणि तिच्या हातातली पिशवी घेतली.

त्यांच्या मंडळीत एक जुनी रीत होती. नवऱ्याला सोडून आलेल्या बाईने उपासनेला आत बसायचे नाही. दाराबाहेर एक बाक होता, तिथे बसायचे. प्रभुभोजनाची भाकर तिच्यापर्यंत यायची नाही. तिला घरात ठेवून घेणाऱ्यांपैकी कुणी वारले, तर त्याची शवपेटी चर्चच्या आत यायची नाही. सुटका एकच: भर मंडळीसमोर माफीपत्र वाचायचे आणि नवऱ्याबरोबर निमूट परत जायचे. ही रीत शास्त्रात कुठे लिहिली आहे, हे कुणी विचारले नव्हते. बायकोला मारणाऱ्याला बसवायला मात्र कुणी बाक करून घेतला नव्हता. आणि हा बाहेरचा बाकही चिमणीच्या बापानेच केला होता, पंचांनी सांगितले म्हणून, चांगले लाकूड वापरून.

रविवारी चिमणी त्या बाकावर बसली. थोड्या वेळाने बाप उठून बाहेर आला आणि तिच्या शेजारी बसला. आई आतच राहिली. चार महिने हे असेच चालले. पाळक भले गृहस्थ होते, आणि भलेपणाच त्यांना नडत होता. अन्याय त्यांना दिसायचा, पण कुणाचे मन दुखवणे जिवावर यायचे. पंचांशी बोलतो, असे ते चिमणीला दोनदा म्हणाले. बोलले एकदाही नाहीत.

मग एके दुपारी बाप कामाच्या टेबलाशी उभ्याउभ्याच कोसळला. डॉक्टर येईपर्यंत सगळे संपले होते.

संध्याकाळच्या आत मुख्य पंच आले. त्यांचे औषधांचे दुकान होते, सगळे त्यांना औषधवाले काका म्हणत. त्यांनी खरोखरच डोळे पुसले, सुताराचे गुण गायले आणि मग सांगितले की पेटी आत येऊ शकणार नाही. अर्थात मुलीने उद्या सकाळी पत्र वाचले तर प्रश्नच मिटला. जावयाला निरोप ते स्वतः पाठवतील.

आई लेकीजवळ जाऊन बसली. "आयुष्यभर त्यांनी काही मागितलं नाही गं," ती म्हणाली. "त्या छताखाली त्यांना एकदा ठेवू दे. पुढचं पुढे बघू."

"बाबा माझ्याबरोबर बाहेर बसत होते, आई."

"ते तुझ्यासाठी बसले. आता तू त्यांच्यासाठी उभी राहा."

हे वाक्य आईचे होते. ते पंचांनी शिकवलेले नव्हते, हे तिने पुढे कधी कुणापासून लपवले नाही.

चिमणीने पत्र वाचले. आवाज मुळीच कापला नाही. जावई इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला होता. औषधवाल्या काकांची बायको तोंडावर रुमाल धरून हुंदके देत होती. केवढी भाविक बाई, असे लोकांना वाटले. पेटी आत आली, घंटा वाजली. सुतारीण वर वाशांकडे बघत राहिली आणि अर्धा तास, फक्त अर्धा तास, तिला समाधान वाटले. दफन होताच जावई चिमणीला घेऊन गेला. जाताना तिने मागे वळून पाहिले नाही.

अठराव्या दिवशी फोन आला, चिमणी जिन्यावरून पडली म्हणून. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी आईला बाजूला घेतले आणि हळूच सांगितले की जिन्यावरून पडणाऱ्याच्या गळ्यावर बोटं उमटत नाहीत. त्या दिवशीच पोलीस जावयाला घेऊन गेले. आई मात्र चिमणीचा थंड हात धरून बसली होती, तिला कुणी काय सांगितले ते धड कळतही नव्हते.

औषधवाले काका पुन्हा आले. या वेळी कसलीच अडचण नव्हती. मुलगी नवऱ्याच्या घरी वारली, माफी झालेली होती, तिचे नाव स्वच्छ होते. उद्या अकराला घंटा वाजेल, फुलेही मंडळीकडूनच.

सुतारीण नवऱ्याचे कामाचे टेबल पुसत होती. पुसता पुसताच तिने उत्तर दिले.

"जिवंत होती तेव्हा तुमच्याकडे एका माणसापुरती जागा नव्हती. आता सगळं मोकळं करून देताय. नको. ती इथूनच जाईल." जरा थांबून ती म्हणाली, "तुम्हालाच बोल लावत नाही, काका. मीही छपरालाच चर्च समजत होते. खरं चर्च बाहेर बसलं होतं, बाप आणि लेक, एकमेकांना धरून. आणि मी आत बाक पुसत होते."

दुसऱ्या दिवशी सवयीने मंडळी चर्चमध्येच जमली आणि पेटीची वाट बघू लागली. पाळक आले ते झगा न घालताच. ते व्यासपीठावर चढले नाहीत, बाकांच्या मधोमध उभे राहिले.

"आपण चुकीच्या ठिकाणी बसलोय," ते म्हणाले. "मला सगळं दिसत होतं आणि मी गप्प राहिलो. तिच्या मरणात माझा वाटा आहे, तो मी आयुष्यभर वागवीन. प्रभूने आपल्याला एकमेकांच्या हवाली केलं होतं, या भिंतींच्या नाही. मी सुताराच्या घरी निघालोय."

निम्मे लोक उठले. निम्मे बसून राहिले, त्यांत औषधवाले काकाही होते. त्यांची बायको मात्र उठली.

घराला लागूनच असलेल्या सुताराच्या कारखान्यात, त्याच्या कामाच्या टेबलावर पेटी ठेवली होती. सुतारीण दारातच उभी होती. आत येणाऱ्या प्रत्येकाकडे ती एकच गोष्ट मागत होती: इथून पुढे कुणाच्याही लेकीला बाहेर बसवणार नाही, एवढे म्हणा आणि आत या. कुणी मोठ्याने म्हणाले, कुणी रडत. दोघे जण न बोलता परत फिरले.

औषधवाल्या काकू दाराशी आल्या आणि थबकल्या.

"जमत नसेल तर राहू द्या," सुतारीण म्हणाली.

"तसं नाही." काकूंचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "माझी थोरली दोन वर्षं सांगतेय, मला घेऊन जा म्हणून. मी तिला सोस म्हणते. काल रात्रीही मी तेच म्हणाले."

सुतारणीने त्यांचा दंड घट्ट धरला.

"मग इथे कशाला उभ्या आहात? जा, आत्ता जा. घेऊन या तिला."

"पण हिची प्रार्थना…"

"ही थांबेल. हिला आता कसलीच घाई नाही. तुमची जिवंत आहे."

पाळकांनी हातातले पुस्तक मिटले आणि आपल्या गाडीची किल्ली काढली. काकूंबरोबर आणखी दोन बाया निघाल्या. बाकीचे लाकडाच्या फळ्यांवर, ओंडक्यांवर, जमिनीवर, जागा मिळेल तिथे चिमणीभोवती बसून राहिले.

त्या दिवशी अंत्यविधी अडीच तास उशिरा झाला.