भिंतीतली ऊब

भिंत गरम होती, यात वादच नव्हता. मी स्वतः हात लावून पाहिला. बाहेरच्या खोलीत माणसं दाटीवाटीने बसली होती, दारात चपलांचा ढीग पडला होता, आणि एकेक जण पुढे येऊन भिंतीला तळवा टेकवत होता. टेकवला की डोळ्यांत पाणी. त्याच भिंतीला पाठ लावून घरातल्या आजी बसल्या होत्या. त्यांचे यजमान गेल्या हिवाळ्यात गेले. "ते येतात," आजी प्रत्येकाला सांगत होत्या. "त्यांचा हात अस्साच असायचा."

समोर गादीवर ऊबमहाराज विराजमान होते. "देह थंड पडतो, माया थंड पडत नाही!" ते गरजले. "माया म्हणजे ऊर्जा, ऊर्जा म्हणजे उष्णता. विज्ञानसुद्धा हे मानतं!" विज्ञान बिचारं काय काय मानतं, ते मला अशा ठिकाणीच कळतं.

घरातली वीज सुरक्षित आहे की नाही, हे तपासणं माझं काम. दिवे मधूनच मंद होतात म्हणून सुनेने मला बोलावलं होतं. मी तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"फ्यूजची पेटी कुठे आहे?"

तिने बोळाकडे बोट केलं. तिथे गाद्या आणि जुन्या भांड्यांनी ठासून भरलेलं लोखंडी कपाट होतं. "त्याच्या मागे. वरून प्लायवूडही ठोकलंय ह्यांनी. महाराज म्हणाले, आत्म्याचा आणि विजेचा छत्तीसचा आकडा असतो, पेटी झाकून टाका."

"आणि गीझर? तो चालतो आत्म्याला?"

"तो तर लागतोच. बैठकीला येणाऱ्या प्रत्येकाने कढत पाण्याने हातपाय धुवायचे. शिवाय ही विजेची मोठी शेगडी. मंतरलेलं पाणी उकळत ठेवावं लागतं."

मी कपाटामागे टॉर्च मारला. दिसलं काहीच नाही, पण जळक्या प्लास्टिकचा वास नाकात गेला. ही पेटी ज्या भिंतीवर, तिच्याच पलीकडच्या बाजूला आजींची पाठ.

पेटी घरात असली म्हणजे झालं, असं आमच्या कामात नसतं. घरातल्या सगळ्यात अशक्त माणसाचा हात घाईत, अंधारात, स्टूल न घेता मेन स्विचपर्यंत पोचायला हवा. इथे तर आजींच्या दणकट मुलाचाही पोचला नसता.

"गीझर आणि शेगडी बंद करा," मी सुनेला म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

मी बाहेर येऊन आजींजवळ बसले. "आजी, जरा इकडे सरकता का? भिंत तापलीय, मला भीती वाटते."

"माझ्या नवऱ्याची तुला गं कसली भीती?"

खोलीभर हशा पिकला. मुलाने मात्र डोळे वटारले. "बाई, बैठकीत अडथळा नको."

आतला तारेचा जोड धुमसत असला तर? माझं सगळं लक्ष त्या भिंतीकडे. महाराजांनी डोळे मिटले होते. "येतायत... अजून जवळ येतायत... ऊब वाढतेय!"

बराच वेळ हेच चाललं. मग आजींचा चेहरा उतरत गेला. "महाराज, भिंत निवतेय."

"वाढतेय, माई, वाढतेय!"

"अहो, पाठ माझी आहे!"

महाराजांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बोट रोखलं. "ही बाई आली आणि ते निघाले!"

"गीझर बंद केलाय मी," दारातून सून म्हणाली. "शेगडीपण. त्याने निवली."

"मग परत लावून दाखवा!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "तापली तर मानू!"

"नाही लावणार," मी म्हटलं. "तुम्हाला पटावं म्हणून आजींच्या पाठीमागे आग लावू का? कपाट हलवा आणि डोळ्यांनी बघा."

"कपाट हललं तर त्यांची वाट कायमची बंद!" महाराज कडाडले.

कुणी जागचं हलेना. मी मुलाला विचारलं, "आत्ता या घराने पेट घेतला, तर वीज कोण बंद करणार? आणि कशी?"

त्याने बोळाकडे पाहिलं. "महाराजांना विचारून..." म्हणून तो मध्येच थांबला.

आजी भिंतीला धरून उठल्या. "हलव रे," त्या मुलाला म्हणाल्या. "ते जाणार असतील तर जाऊ देत. मला बघायचंय."

चौघांनी कपाट ओढलं. मी हातमोजे चढवून प्लायवूड काढलं. ते आतून कोळसा झालं होतं. मी मेन स्विच बंद केला, मग सगळ्यांना जवळ बोलावलं. एका फ्यूजचं प्लास्टिकचं कवच वितळून ओघळलं होतं, आणि त्याच्या तारेचा स्क्रू बोटानेही फिरत होता.

"स्क्रू ढिला असला की तार नीट टेकत नाही. त्यातून जास्त वीज ओढली की तो जोड तापतो. गीझर आणि शेगडी एकदम चालली की हा तापायचा. या पेटीमागे भिंत जेमतेम चार बोटं जाड आहे. स्क्रूचं महाराजांना ठाऊक नसेल, पण काय लावलं की ऊब येते, ते नेमकं ठाऊक होतं. इथे कुणी डोकावू नये म्हणून तर हे कपाट."

उत्तर द्यायला महाराज होतेच कुठे? ते दारात चपला शोधत होते. शेवटी दोन वेगळ्याच चपला पायांत घालून त्यांनी काढता पाय घेतला.

आजींनी काजळीवरून बोट फिरवलं. मला फार वाईट वाटलं. त्यांचा माणूस दुसऱ्यांदा गेला होता, आणि या वेळी तो माझ्यामुळे गेला होता. मी हातमोजे काढून त्यांचा हात धरला. त्या म्हणाल्या,

"वेडी गं मी. ते खरंच आले असते, तर आधी मला या भिंतीपासून उठवलं असतं."

एवढंच ज्याला कळलं, त्याला पुढचं वेगळं शिकवावं लागत नाही. बाकीच्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: आजच घरातली फ्यूजची पेटी बघा. तिच्यापुढे काही ठेवलं असेल तर हलवा, मग ते कुणीही ठेवायला सांगितलेलं असो. आणि भिंत गरम लागली तर तिच्या पाया पडू नका. मेन बंद करा.