तडा नसलेली हंडी

मित्रांनो, मी मातीची एक जुनी हंडी आहे. उसंबाराच्या डोंगरातल्या एका घरात, चुलीवरच्या माळ्यावर धूर खात बसलेली. माझ्यात कुणी कधी मक्याच्या पिठाची उगाली रांधली नाही की घेवडा शिजवला नाही. माझं काम एकच होतं, सर्दी झालेल्या माणसाला वाफ द्यायची.

मला म्वानाहावाच्या आईने घडवलं. आमच्याकडे हंड्या बायकाच घडवतात. ते काम चालू असताना पुरुषांनी तिकडे फिरकायचं नसतं, नाहीतर हंडी भाजताना फुटते म्हणतात. मी फुटले नाही. आईने मला रुंद तोंडाची आणि गोल बुडाची करून लेकीला लग्नात दिलं.

जून-जुलैत डोंगरावर धुकं उतरलं की घराघरांत नाकं वाहू लागत. मग म्वानाहावा माझ्यात निलगिरीचा पाला आणि गवती चहा उकळायची. मला जमिनीवर ठेवायची. आजारी माणूस माझ्यावर वाकून बसला की वरून घोंगडी टाकायची आणि घोंगडीच्या कडेवर चारी बाजूंनी दगड ठेवायची. वाफ जराही बाहेर जाता कामा नये, अशी रीत होती. माणूस लालबुंद होऊन बाहेर यायचा, नाक शिंकरायचा आणि म्हणायचा, "सुटलो." शेजारणी मला मागून नेत. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत आपली आपण जाते, हे मला ठाऊक नव्हतं. सगळं श्रेय मी घ्यायची.

किबुआ हा म्वानाहावाचा पहिला मुलगा. दोन वर्षांचा होता. त्याचं नाक चोंदलं, तसं तिने त्याला मांडीवर घेतलं आणि ती घोंगडीखाली माझ्यासमोर बसली. कडेवर दगड होतेच. आत अंधार आणि उकाडा. पोर घाबरलं, पाय झाडू लागलं, आणि मी कलंडले. त्या दगडांमुळे घोंगडी लवकर निघाली नाही.

सहाव्या दिवशी तो गेला. त्याचा बाप तेव्हा खाली सपाटीवरच्या मळ्यात कामाला होता. पोराला शेवटचं न्हाऊ घातलं ते म्वानाहावाच्या आईने. तिने सगळं पाहिलं आणि ती गप्प राहिली. लोकांनी विचारलं तेव्हा म्वानाहावा म्हणाली, "सर्दी छातीत उतरली." सगळ्यांनी मान हलवली. सर्दीच दोषी ठरली.

तिने मला फोडलं नाही. फोडलं असतं तर का फोडलं, असं कुणीतरी विचारलं असतं. मला माळ्यावर ठेवलं, आणि कुणी मागायला आलं की ती म्हणायची, "तिला तडा गेलाय."

मित्रांनो, रिकाम्या हंडीत आवाज साठून राहतो. माझ्यात एका लहान मुलाचा चोंदलेला श्वास राहिला. दारातून धुकं आत आलं की तो सुरू व्हायचा, सूं सूं, सूं सूं. खाली म्वानाहावा भाजी निवडता निवडता थांबायची. वर मात्र बघायची नाही. तिलाही तो ऐकू येत होता की काय, मला आजवर कळलेलं नाही.

अशी तीस वर्षं गेली. गेल्या जुलैत ह्याच घरात तिच्या धाकट्या मुलाचं तान्हं मूल होतं. तिची सून झैना, आणि पाच महिन्यांचा नातू हिझा. हिझाचं नाक चोंदलं. शेजारची सिकुजुआ सकाळी डोकावली.

"काय गं, पोर झोपलंय की शिट्टी वाजवतंय?"

"हसू नका मावशी. दोन घोट पितो आणि सोडून देतो. रात्रभर रडला."

"मग हंडी काढ की खाली."

"तिला तडा गेलाय. आई म्हणतात."

"तीस वर्षं तोच तडा ऐकतेय मी. कुणी पाहिलाय?" सिकुजुआने मला खाली घेतलं, फिरवून पाहिलं, बोटाने टकटक केली. "ही तर ठणठणीत आहे. म्वानाहावा, द्यायची नव्हती तर तसं तोंडावर सांगायचंस."

म्वानाहावा दारातच उभी होती. खोटं उघडं पडलं होतं, आणि खरं बोलायची तिला सवय राहिली नव्हती. झैनाने चूल पेटवली. पाणी उकळू लागलं. निलगिरीचा वास आला आणि माझ्यातला तो जुना श्वास वर येऊ लागला. मला ओरडावंसं वाटलं, पण हंडीला कुठला आवाज? झैना पोराला घेऊन माझ्यासमोर बसली. सिकुजुआने घोंगडी उलगडली आणि एक दगड उचलला.

"तो दगड खाली ठेव," म्वानाहावा म्हणाली. "पोराला लांब घे, झैना. किबुआ सर्दीने नाही गेला. ह्या हंडीच्या पाण्याने भाजून गेला. माझ्या मांडीवर होता."

झैना पोराला घेऊन मागे सरकली.

"मग मी काय करू, आई?" ती म्हणाली. "बघत बसू?"

"नाही. पोर गेल्यावर मी दवाखान्यातल्या नर्सबाईंना विचारून आले होते. मी काय करायला हवं होतं, म्हणून. आधी चुलीपासून ऊठ, धुराने नाक आतून आणखी सुजतं. पेलाभर पाणी उकळून गार कर, त्यात चहाच्या छोट्या चमच्याने पाव चमचा मीठ टाक. प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब. जरा थांब, मग नाकातला शेंबूड हलकेच तोंडाने ओढून थुंकून टाक. नाक मोकळं झालं की लगेच पाज. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा."

"आणि तरी नाही प्यायला तर?"

"तर थांबायचं नाही. श्वास भराभर चालला, बरगड्यांखाली खळगा पडायला लागला, अंग तापलं, तरीही नाही. उचलायचं आणि दवाखाना गाठायचा."

झैनाने तसंच केलं. हिझा आधी खूप रडला. मग त्याने तोंड लावलं आणि सोडलं नाही. तिघीही त्याच्या घोटांचा आवाज ऐकत बसल्या.

"मला तरी सांगायचंस," सिकुजुआ हळूच म्हणाली. "मी तर हंडी दिली नाहीस म्हणून तुला चिक्कू म्हणत फिरले."

"ते बरं होतं," म्वानाहावा म्हणाली.

मित्रांनो, वाफ वाईट नाही आणि मीही वाईट नव्हते. पण उकळत्या पाण्यासमोर लहान मुलाला कधी बसवू नका, आणि धाकट्या भावंडाला कुणी बसवत असेल तर मोठ्यांनाही अडवा. आपल्या हातून काही घडलं तर घडलं तसं सांगा. न सांगितलेली गोष्ट पुढच्या मुलाची वाट बघत बसते.

आता म्वानाहावा पाणवठ्यावर तान्हं मूल घेतलेली बाई दिसली की तिला थांबवते आणि किबुआची गोष्ट सांगते. ऐकणारी बाई पाठीवरचं मूल पुढे घेते आणि घरापर्यंत हातातच धरून नेते.