कोरड्या वर्षी भरलेली न्हाणी

मी एक जुनी न्हाणी आहे. गारखेड्यातल्या दुमजली घराच्या वरच्या मजल्यावरची. मित्रांनो, शहर शेतांवरून पुढे सरकत होते, तेव्हा माझी जमीन घाईत घातली गेली. वर गुळगुळीत शहाबादी फरशी, आत मात्र पाण्याला चोरवाट. खाली राहणाऱ्या कडूबाईंच्या छतावर माझी ओल नकाशासारखी पसरे.

मग दुष्काळ आला. घरातले घमेल्यात बसून अंघोळ करत आणि तेच पाणी संडासाला वापरत. माझ्यावर थेंब सांडेना, छत वाळले. सर्वांना वाटले, गळती थांबली. दुष्काळाने माझी जखम फक्त झाकली होती.

त्याच वर्षी घरमालकीण कालिंदीबाईंना अर्धांगवायू झाला. त्या सावरल्या, पण गार फरशीवर डावा पाय आखडे. सून मृण्मयी दार उघडे ठेवून त्यांना अंघोळ घाली. तेव्हा त्या भिंतीकडे पाहत राहत. एकदा ठामपणे म्हणाल्या, "फरशीखाली विजेवर तापणारी तार घाला. मला एकटीनं अंघोळ करायची आहे."

गवंडी सांडूने मला स्लॅबपर्यंत फोडले, निचऱ्याच्या जाळीकडे उतार काढला, कोपरे गोल केले, वॉटरप्रूफिंगचे थर चढवले.

"काकू, आता गळतंय का त्ये पानी तुंबवून बघत्यात. पण यंदा ऱ्हाऊ द्या. गळत तर नाय."

"पाणीच पडत नाही, तर गळेल काय? तार घातल्यावर पुन्हा फोडायचं का? आधी भर."

"आई, पिंपात फक्त प्यायचं उरलंय हो," मृण्मयी म्हणाली.

जिन्यातून कडूबाई गरजल्या, "वैनी, इतकी वर्सं तुमचं पानी माझ्या डोक्यावर पडलं. आज माझं वर न्या! पन थेंब जरी खाली आला, तर या सांडूलाच पिळीन!"

सांडूने जाळीचे तोंड बुजवले आणि कडूबाईंचे पिंप बादलीबादलीने माझ्यावर रिते झाले. तहानलेल्या शहरात मी एक लहानसे तळे होऊन, श्वास रोखून पडले. दुसऱ्या दिवशी कडूबाईंनी स्टुलावर चढून छत चाचपले. खालून हाक आली, "कोरडं हाय वो, वैनी! खडखडीत!"

पाणी उपसून झाडांना घातले. मग माझ्यावर तार अंथरली गेली, तिच्यावर सिमेंटचा मसाला, त्यावर खरखरीत फरशी.

थंडीतल्या एका सकाळी कालिंदीबाई अनवाणी आल्या. डावा पाय टेकला. आखडला नाही.

"आई, येऊ?"

"तू चहा टाक," त्या म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी माझ्या दाराची कडी आतून लागली.

मित्रांनो, जमीन कोरडी दिसते म्हणून तिला निर्दोष समजू नका. देखण्या फरशीने झाकण्याआधी तिला एकदा पाण्याखाली ठेवा. तिच्यावर कुणीतरी एकटीने उभे राहणार असते.