वरच्या मजल्यावरची थंडी

डिसेंबर उजाडला तरी शरयूच्या घराचा वरचा मजला यंदा तापायला तयार नव्हता. अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधलं ते घर जुनं. तळघरातल्या बॉयलरमधलं गरम पाणी खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरमधून फिरायचं. खाली बैठकीत अंगावर स्वेटर नकोसा व्हायचा आणि वर झोपायच्या खोलीत नाक गार पडायचं. शरयू थर्मोस्टॅट वाढवायची. थोड्या वेळाने तिचा नवरा प्रताप तो पुन्हा खाली आणायचा.

दुखणं काय आहे ते दोघांनाही माहीत होतं. रेडिएटरमध्ये हवा साचली की पाणी वरपर्यंत चढत नाही. मग कितीही हीट वाढवा, गॅस नुसता जळतो आणि गारठा तसाच राहतो. हे तिला प्रतापनेच सांगितलं होतं. गाड्यांच्या इंजिनांमध्ये उभा जन्म काढलेला माणूस तो. दरवर्षी पानं गळायला लागली की हातात छोटी चावी आणि एक वाटी घेऊन घरभर फिरायचा आणि प्रत्येक रेडिएटरमधली हवा काढायचा. यंदा मात्र त्याचं आज-उद्या चाललं होतं. अल्फारेटाहून त्यांच्या मुलीचा, रीमाचा फोन आला, तेव्हा ती म्हणाली की सगळी सिस्टिमच बदलून टाका. त्यावर प्रताप एवढा चिडला की शरयूला नवल वाटलं.

शनिवारी सकाळी ती वर गेली, तर तो झोपायच्या खोलीत रेडिएटरपुढे गुडघे टेकून बसला होता. चावी व्हॉल्व्हवर बसवू पाहत होता आणि हात थरथरत होता. चावी लोखंडावर खरडली, घसरली, खाली पडली. त्याने ती उचलली आणि पुन्हा लावून पाहिली.

शरयू दारातच थांबली. भूल देणारी डॉक्टर म्हणून तिने आयुष्य काढलं होतं. चहाचा कप धरताना त्याचा अंगठा हलतो, हे तिच्या केव्हाच लक्षात आलं होतं. दुसऱ्या कुणाचा हात असता तर पहिल्याच दिवशी बोलली असती. घरातल्या माणसापुढे जीभ रेटली नव्हती.

ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली.

"दे इकडे."

"मी करतो."

"प्रताप, मला दिसतंय. उन्हाळ्यापासून दिसतंय."

चावी तिच्या हातात देत तो म्हणाला, "मलाही."

त्यापुढे त्याचा आवाज हळूहळू मोकळा झाला. आधी बॉयलर बंद करू, पाणी निवू दे, आणि सुरुवात खालच्या मजल्यापासून करायची, वरून नाही, असं त्याने बजावलं. सलाइनच्या नळीतली हवा काढण्यात हयात गेलेल्या शरयूला त्यात अवघड काही वाटलं नाही. चावी किंचित फिरवली की फुस्स करून हवा सुटायची, मग लोखंडाचा वास यायचा आणि काळपट पाण्याची धार लागली की व्हॉल्व्ह बंद. एकदा तिने चावी जास्तच पिळली आणि भिंतीवर काळी चिळकांडी उडाली. एरवी प्रतापने तिला दहा गोष्टी ऐकवल्या असत्या. आज तो नुसता फडकं घेऊन आला.

सगळे रेडिएटर झाल्यावर दोघं तळघरात उतरले. हवा गेल्याने बॉयलरचा दाब उतरला होता. पाणी भरायचा नळ कोणता ते त्याने दाखवलं, तिने तो सोडला, दाबाचा काटा जागेवर येताच बंद केला आणि बॉयलर पुन्हा सुरू केला.

दुपारपर्यंत वरची खोली उबदार झाली. प्रतापने रेडिएटरवरून खालपासून वरपर्यंत तळहात फिरवला. कुठेच गार लागलं नाही. थर्मोस्टॅट या वेळी शरयूनेच कमी केला.

पलंगाच्या कडेला बसत तो म्हणाला, "सोमवारी न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घे. आणि तूही चल बरोबर."

ती त्याच्याजवळ बसली. कुणाकडे जायचं, तिथे काय काय विचारतील, हे तिने त्याला नीट समजावून सांगितलं आणि त्याने ते ऐकून घेतलं. रीमाला आताच सांगायचं की नंतर, यावर मात्र त्यांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही.